कुस्तीगीर भावाची लाय डिटेक्टर चाचणी करून घेतली, त्याचा अनुभव

आमच्या धाकट्यानं गेल्या यात्रेच्या मैदानात आपल्यापेक्षा जड आणि नावाजलेल्या पैलवानाला घिस्सा डावावर चितपट केलं. फेटा बांधून हलगीच्या तालावर त्याला अख्खं मैदान फिरवलं. आठवडा झाला नाही तोवर गावात सुरू झालं, "सुई घेतोय पोरगा," म्हणजे ताकदीसाठी उत्तेजक इंजेक्शनं घेतोय. सहा महिन्यांत दंड एवढे कसे भरले, कोल्हापुरात राहून काय खाऊन आला, हीच चर्चा पारावर, दूध डेअरीत, लग्नाच्या पंगतीत. पुढच्या मैदानाच्या जोडी नेमताना कमिटीनं त्याचं नाव बाजूला ठेवलं. तो जेवेना, पहाटे तालमीला जाईना. आई म्हणाली, "कायतरी कागद आण की गं, लोकांना दाखवायला."

म्हणून मी लाय डिटेक्टर चाचणी करणाऱ्या एका खासगी कंपनीला पैसे भरले. आता तालमीतल्या आणखी दोन पोरांच्या घरचे मला विचारायला लागलेत, आम्हीपण करून घेऊ काय म्हणून. त्यांना तोंडी सांगितलं तेच इथं लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही, कारण माझं म्हणणं त्या एका कंपनीपुरतं नाही. हा दाखला कुणीही दिला तरी त्याचं मोल तेवढंच राहणार.

मी बेळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, चौदा वर्षं झाली. रोज पन्नास-साठ माणसांचं रक्त नि लघवी हाताखालून जाते. नमुना म्हणजे काय, नळीवरचं नाव चुकलं तर काय होतं, हे मला नीट कळतं. तरी मी त्या जाहिरातीला भुलले. 'खेळाडूंसाठी डोपिंगमुक्त दाखला' असं लिहिलेलं होतं, आणि फोनवरच्या माणसानं "शंभर टक्के खात्री" असं दोनदा सांगितलं. घरात पोरगं उपाशी बसलेलं असलं की शिकलेलं माणूससुद्धा असल्या शब्दाला धरतं.

फी १४ हजार, सगळी आगाऊ. कंपनी बेंगळूरची, त्यांचे परीक्षक महिन्यातून दोनदा बेळगावला येतात. टिळकवाडीत पहिल्या मजल्यावरची खोली, स्वच्छ, थंड, बाहेरच्या रहदारीचा आवाज येणार नाही अशी. परीक्षक वयस्क, बोलायला मवाळ. वेळेवर आले, पाणी विचारलं, घाई केली नाही. वागणुकीबद्दल माझी काही तक्रार नाही. संमतीचा कागद तेवढा नुसता इंग्रजीत होता. धाकटा मराठी शाळेत शिकलेला, तो लगेच सही करायला निघाला. मी थांबवून ओळ न ओळ समजावली. आपल्याच राज्यातून गेलेल्या सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०१० रोजी सांगितलंय की माणसाच्या मर्जीविरुद्ध ही चाचणी करता येत नाही, आणि मर्जीनं केली तरी नुसता तिचा निकाल पुरावा म्हणून धरता येत नाही. हे मला नंतर आमच्या ओळखीच्या एका वकिलांनी सांगितलं. आधी कळायला हवं होतं.

आता यंत्र. छातीवर एक आणि पोटावर एक अशा दोन रबरी नळ्या, श्वास मोजायला. दंडाला बीपीचा पट्टा. बोटांना दोन पत्र्या, घाम मोजायला. खुर्चीच्या बैठकीखाली हालचाल टिपणारी गादी. एवढंच. रक्ताचा थेंब नाही, लघवी नाही, केस नाही. भावाच्या अंगात काय आहे ते सांगणारी एकही गोष्ट त्या खोलीत नव्हती. पट्टा साध्या मापाचा होता आणि धाकट्याचा दंड सोळा इंच. लॅबमध्ये असा दंड आला तर आम्ही मोठा पट्टा काढतो. मी तसं म्हटलं, तर परीक्षक म्हणाले, आम्हाला बीपीचा आकडा नको असतो, फक्त चढउतार बघायचा असतो. ते खरंही असेल. पण पट्टा फुगवून ठेवल्यावर चार मिनिटांत त्याची बोटं निळसर पडली आणि तो दात आवळून बसला, हे मी दारातून बघितलं. मग मला बाहेर बसवलं.

प्रश्न आधी वाचून दाखवतात. ही पद्धत चांगली आहे. पण प्रश्न होते कन्नडमध्ये. धाकट्याला बाजारापुरतं, एसटीतलं कन्नड येतं. मुख्य प्रश्नात शब्द होता 'उद्दीपन मद्दु'. पेपरातलं कन्नड आहे ते, उत्तेजक द्रव्यासाठी. त्याला त्यातलं नुसतं 'मद्दु' कळलं, म्हणजे औषध. त्याच महिन्यात त्याला ताप आलेला आणि पाच दिवस मी स्वतः गोळ्या दिल्या होत्या. "मद्दु घेतलंस काय?" म्हटल्यावर त्याच्या छातीत धस्स झालं. नाही म्हणायचं तर ते खोटं, आणि हो म्हणायचं तर सगळंच संपलं. निकाल आला 'अनिर्णित'. पुन्हा करायची असेल तर अर्धी फी, ७ हजार. मी भरले.

दुसऱ्या वेळी मी अडून बसले की प्रश्न मराठीतच हवेत. त्यांनी मान्य केलं, मराठी बोलणारा एक मुलगा बोलावला. यावेळी निकाल आला, 'खोटेपणाची चिन्हे आढळली नाहीत'. लेटरहेडवर शिक्का, सही, भावाचा फोटो. आईनं तो कागद देवापुढं ठेवला.

खरी गोष्ट मला त्या दिवशी परत येताना कळली. आम्ही सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, खानापूरच्या बसची वाट बघत उभे होतो. त्यानं विचारलं, "अक्का, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला ठेवलेल्यातले दोन हजार मी उचलले होते. तुला माहीत होतं काय?" मला माहीत नव्हतं. कोल्हापूरला जायच्या वेळी उचललेले. ते त्याला का आठवलं? कारण परीक्षकांनी विचारलं होतं, "घरच्या माणसाला कधी फसवलंयस काय?" हा प्रश्न ते मुद्दाम घालतात. त्या प्रश्नाला अंग किती हलतं आणि मुख्य प्रश्नाला किती, याची तुलना करून खरं-खोटं ठरवतात. त्यांचा हिशेब असा की खरा माणूस इकडच्या तिकडच्या प्रश्नाला जास्त बिचकतो आणि खोटा माणूस मुख्य प्रश्नाला. आता बघा. माझ्या भावाच्या काळजात आईचे दोन हजार रुतून बसले होते, त्यापुढं सुईचा प्रश्न यंत्राला लहान दिसला असणार. तो खरा ठरला तो त्या दोन हजारांमुळं, असं मला वाटतं. आणि हेच त्यानं सुई घेतलेली असती तरी घडू शकलं असतं.

बसमध्ये त्यानं आणखी एक सांगितलं. चाचणीआधीच्या गप्पांत परीक्षकांनी खुराकाबद्दल विचारलं, तेव्हा तो बोलून गेला की कोल्हापुरात खोलीतल्या जोडीदाराच्या डब्यातली पावडर तो दोन महिने दुधातून घ्यायचा. डब्यावरचं लेबल फाटलेलं. कुठली, कुठून आणली, त्यानं विचारलं नव्हतं. मी थंड पडले. घरी आल्या आल्या अहवाल पुन्हा काढून वाचला. त्यात त्या डब्याचा एक शब्द नाही. कारण प्रश्न होता, "जाणूनबुजून उत्तेजक घेतलं आहे का?" जाणून नाही घेतलं, हे खरंच आहे. पण नाडाची, म्हणजे खेळाडूंची डोपिंग तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, लघवीची बाटली जाणूनबुजून विचारत नाही. नियम सरळ आहे, खेळाडूच्या अंगात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार. किती शिक्षा, कमी की जास्त, यात हेतू बघतात. सापडलं की नाही यात बघत नाहीत.

मॅरियन जोन्स हे नाव जुन्या लोकांना आठवत असेल. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्ण आणि दोन कांस्य जिंकलेली अमेरिकेची धावपटू. संशय वाढला तेव्हा २००४ मध्ये तिच्या वकिलांनी जाहीर केलं की ती लाय डिटेक्टरमध्ये पास झाली. २००७ मध्ये तिनं कोर्टात कबूल केलं की स्टेरॉइड घेतलं होतं. पदकं गेली, आणि तपास अधिकाऱ्यांशी खोटं बोलल्याबद्दल सहा महिन्यांची कैद झाली. तिचं म्हणणं होतं की घेताना तिला ते जवसाचं तेल वाटत होतं, प्रशिक्षकानं तसंच सांगितलेलं. आपल्याकडं जवसाची चटणी घरोघरी असते, म्हणून हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. माझा भाऊ दुधातून काय पीत होता, त्याला तरी कुठं माहीत होतं?

सायकलपटू अल्बेर्तो कोन्तादोरचं तर याहून नेमकं आहे. २०१० च्या टूर द फ्रान्समध्ये त्याच्या लघवीत क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं, एका मिलिलिटरमध्ये ५० पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. त्याचं म्हणणं, मांसातून आलं. त्यानंही पॉलिग्राफ, म्हणजे हीच लाय डिटेक्टर चाचणी, दिला आणि तो त्याच्या बाजूनं आला. खेळातले वाद मिटवणाऱ्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं तो निकाल फेकून दिला नाही, त्याच्या बोलण्याला थोडं बळ देणारा म्हणून धरला, पण बाकीच्या पुराव्यावर तो मात करत नाही म्हणून सांगितलं. लवादाला सर्वात शक्य वाटलं ते दूषित फूड सप्लिमेंट. २०१२ मध्ये विजेतेपद गेलं, दोन वर्षांची बंदी. म्हणजे माणूस खरं बोलत असेल आणि अंगात द्रव्यही असेल, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात.

आमचा कागद घेऊन वस्ताद कमिटीकडं गेले. कमिटीच्या माणसांनी आदरानं वाचला. समोरच्या तालमीचे वस्ताद एवढंच म्हणाले, "यंत्राला न भिणारा पैलवान मी पण दाखवतो की." त्यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं. खोटं बोलतंय ते पोरगं थंड डोक्याचं असलं, श्वासावर ताबा असला, तर तेही पास होईल. पैलवानाला तर श्वास धरून ठेवायचं मिसरूड फुटायच्या आधीपासून शिकवतात.

त्यानंतर दोन महिन्यांनी धाकटा एका राज्य पातळीच्या स्पर्धेत उतरला आणि कुस्ती संपल्या संपल्या नाडाच्या लोकांनी त्याला गाठलं. रात्री त्यानं फोनवर सगळं सांगितलं आणि मी लॅबच्या डोळ्यांनी ऐकत गेले. चिठ्ठीवर सही घेतल्यापासून एक माणूस सतत बरोबर. सीलबंद भांड्यांतून एक त्यानंच निवडायचं. समोर माणूस उभा, शर्ट छातीपर्यंत वर, पँट गुडघ्यापर्यंत खाली. वजनासाठी पाणी तोडलेलं, त्यामुळं पहिल्यांदा जेमतेम ४० मिली झाली. ९० लागते. दीड तास पाणी पीत बसला, पुन्हा दिली. मग त्यानं स्वतःच्या हातानं अ आणि ब अशा दोन बाटल्यांत ओतली, स्वतःच झाकणं आवळली, नंबर जुळवले. फॉर्मवर गेल्या सात दिवसांतली औषधं लिहिली. प्रयोगशाळेला जाणाऱ्या प्रतीवर नाव जात नाही, त्यांना फक्त नंबर दिसतो. नमुना दहा वर्षांपर्यंत ठेवून पुन्हा तपासता येतो. यात चुकायला जागा नाही असं मी म्हणत नाही. दिल्लीच्या प्रयोगशाळेची मान्यताच २०१९ ते २०२१ निलंबित होती. आणि त्या दिवशीचा नमुना त्या दिवसापुरतं बोलतो, मागच्या वर्षाचं सांगत नाही. पण तिथं जे तपासतात ते अंगातलं असतं. आमच्या २१ हजारांत कुणी अंगातलं काही बघितलंच नाही.

पाचपैकी एक तारा देते, आणि तो दुसऱ्या वेळी आलेल्या त्या मराठी मुलाला, ज्यानं प्रत्येक प्रश्न भावाला कळेपर्यंत तीन-तीनदा सांगितला. ज्यांना तरीही करायचीच आहे त्यांनी एवढं बघा. प्रश्न पोराच्या भाषेत आधी लिहून घ्या. 'जाणूनबुजून' हा शब्द त्यात आहे काय ते वाचा. दाखल्यावर 'डोपिंगमुक्त' असं छापणार असतील तर ते खोडायला सांगा, कारण ते त्यांनी तपासलेलं नाही.

माझं विचाराल तर ते पैसे खुराकाकडं वळवा. आम्ही पावडर बंद केली. दूध, बदाम, अंडी, घरचं तूप. पावडर लागलीच तर 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट'सारख्या तपासणी संस्थेचा शिक्का असलेली, प्रत्येक बॅच तपासलेली, सीलबंद, आणि बॅच नंबर वहीत लिहायचा. ती वही मी केलीय, शंभर पानी. गेल्या गुरुवारी लॅबमध्ये गर्दीच्या वेळी त्याचा फोन आला, खडेबाजारातल्या मेडिकलसमोरून. "अक्का, सर्दीची गोळी देताहेत, पाकिटावर स्यूडोएफेड्रिन लिहिलंय. रविवारी कुस्ती आहे. घेऊ काय?" स्पर्धेच्या वेळी ते अंगात ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त सापडलं तर डोपिंग धरतात. मी म्हटलं, ठेव ती परत, वाफ घे, संध्याकाळी मी येते. त्यानं पाकिटाचा फोटो काढून पाठवला, वहीत चिकटवायला.