वेरूळचा होम-स्टे: तीन महिने लिंक-पॅकेज, आठ महिने सर्च कन्सोल

वेरूळला घृष्णेश्वराच्या देवळापासून चालत पाच मिनिटांवर आमचं घर आहे. खाली आम्ही राहतो, वरच्या सहा खोल्या पाहुण्यांना देतो. स्वयंपाक सासूबाईंचा: ज्वारीची भाकरी, येसर आमटी, ठेचा, सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला नाहीतर धपाटे. वेबसाइट आणि गूगलचं सगळं माझ्याकडं. गूगलच्या शोधात साइट वर आणायला गेल्या अकरा महिन्यांत दोन रस्ते चालून पाहिले. पहिले तीन महिने पैसे देऊन लिंका घेतल्या, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून आमच्या साइटकडं आणणाऱ्या. पुढचे आठ महिने सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन, उघडून स्वतः काम केलं. दोन्हींचा हिशेब इथं मांडते, कारण आमच्या भागातल्या लॉजवाल्यांना आणि दुकानदारांना आता रोज तसे फोन येतात. "मॅडम, तुमची साइट पहिल्या पानावर आणून देतो."

मला आला तो फोन गेल्या आषाढात. महिन्याला आठ हजार, त्यात शंभर 'हाय डीए' बॅकलिंका, दहा लेख आणि नव्वद दिवसांत पहिला नंबर. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनं स्वतःच्या मार्गदर्शनात लिहून ठेवलंय. बदल दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं, हेही तिथंच आहे. मी ते पैसे भरल्यावर वाचलं. आणि डीए, म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, हा आकडा गूगलचा नाहीच. मोझ नावाची कंपनी तो आपल्या अंदाजानं काढते. त्यावरून गूगल कुणाला वरखाली करत नाही.

दर महिन्याला एक्सेलची शीट यायची, शंभर ओळींची, हिरव्या रंगात 'लाइव्ह' लिहिलेली. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी खोल्या रिकाम्या होत्या म्हणून त्या लिंका एकेक उघडत बसले. एक लेख व्यायामाच्या बुटांवर होता. मापाचे बूट घेतले की गुडघे दुखत नाहीत, असं सांगता सांगता मध्येच एलोराजवळच्या स्वस्त हॉटेलची लिंक. तेच वाक्य, तोच स्वल्पविराम, वेगवेगळ्या अकरा साइटवर. काही पानं उघडतच नव्हती. एका पानावर वर जुगाराची जाहिरात आणि खाली आमच्या घराचा फोटो. सासूबाई शेजारी शेंगा फोडत होत्या. त्यांनी मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं. "आपलं दार हाय की गं हे. हितं कसं आलं?" मला काही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी पॅकेज बंद केलं.

लिंकांना मोल आहे, ते खोटं नाही. गूगल काढणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये पेजरँक, म्हणजे लिंकांवरून पानाचं वजन काढायची पद्धत, मांडली तेव्हापासून ही कल्पना आहे: एका पानानं दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे साक्ष, आणि साक्ष देणाऱ्याचं वजन जेवढं तेवढं त्या साक्षीचं. आपल्याकडं सोयरिक जमवताना गावात चार जणांना विचारतात ना, तसंच. शाळेतल्या गुरुजींनी 'घर चांगलं आहे' म्हटलं तर ते मोजलं जातं, पैसे घेऊन बोलणाऱ्याचं मोजत नाहीत. 2012 च्या एप्रिलमध्ये गूगलनं आपल्या क्रम लावायच्या पद्धतीत पेंग्विन नावाचा बदल केला, तेव्हापासून विकतच्या साक्षींवर ते जास्त कडक झालं. आता स्पॅमब्रेन नावाची त्यांची यंत्रणा आहे, अशा लिंका ती बहुतेक वेळा हिशेबातच धरत नाही. म्हणजे माझे चोवीस हजार मोजलेच गेले नाहीत.

त्याहून मोठं नुकसान वेगळं होतं. त्या लोकांनी आमच्या गूगल बिझनेस प्रोफाइलचं, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या आमच्या नोंदीचं, नाव बदलून पुढं 'बेस्ट हॉटेल निअर एलोरा केव्ह्ज' चिकटवलं. नियम साधा आहे, दारावरच्या पाटीवर जे नाव तेच प्रोफाइलला. प्रोफाइल निलंबित झालं. पाटीचा फोटो आणि घराचा व्हिडिओ पाठवून ते परत मिळवेपर्यंत सतरा दिवस गेले, आणि ते श्रावणातले सतरा दिवस होते. श्रावणी सोमवारी वेरूळात पाय ठेवायला जागा नसते, आणि आमच्या सहापैकी चार खोल्या रिकाम्या. ते दुःख अजून जात नाही. तुमच्या प्रोफाइलचा मालकी हक्क कुणालाही देऊ नका. कुणाला काम द्यायचंच झालं तर मॅनेजर म्हणून जोडा.

त्या शंभर-शंभर लिंकांचं पुढं काय केलं, असं बरेच जण विचारतात. काही नाही केलं. सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स' पाहिलं, गूगलनं साइटवर कारवाई केली असेल तर ती तिथं दिसते. तिथं काही नव्हतं. लिंका नाकारायचं डिसअ‍ॅव्हाउ नावाचं साधन आहे, पण कारवाई झालेली नसेल आणि होण्याची धास्तीही नसेल तर त्याला हात लावू नये, असं गूगलच सांगतं. चुकून चांगली लिंक नाकारली तर नुकसान आपलंच.

आता दुसरा रस्ता. सर्च कन्सोल फुकट आहे. साइट आपली आहे एवढं सिद्ध केलं की लोकांनी काय टाइप केल्यावर आपण दिसलो, कितीदा दिसलो, किती जणांनी बोट टेकवलं आणि सरासरी कितव्या जागी होतो, हे सगळं समोर येतं. सोळा महिन्यांपर्यंतचा हिशेब राहतो. पक्के आकडे दोन-तीन दिवस मागून येतात, म्हणून रोज उघडून जीव टांगणीला लावू नका. मी दर शुक्रवारी पाहते.

पहिल्याच शुक्रवारी डोळे उघडले. 'घृष्णेश्वर मंदिराजवळ राहण्याची सोय' या शब्दांवर आम्ही महिन्यात सहाशेच्या वर वेळा दिसलो होतो आणि क्लिक अकरा. कारण त्या पानाचं शीर्षक होतं 'होम'. लोकांना निळ्या अक्षरात 'होम' दिसत होतं, त्यावर कोण बोट ठेवणार? ते बदलून 'घृष्णेश्वर मंदिरापासून पाच मिनिटांवर घरगुती मुक्काम, जेवणासह' केलं. लिंक एकही नवी नाही, तरी पुढच्या महिन्यात क्लिक तिपटीच्या वर गेले.

नावांचा घोळ हा आमच्याकडचा खास प्रश्न. शहराचं नाव 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, पण बाहेरचे लोक अजून औरंगाबाद टाइप करतात, आणि औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारातही आहे. वेरूळला कुणी एलोरा म्हणतं, कुणी एल्लोरा. घृष्णेश्वराचं इंग्रजी स्पेलिंग तर विचारू नका. 'जी'नंतर कुणी 'एच' घालतं, कुणी नाही. पुढं कुणाचा 'आय', कुणाचा 'यू'. आधी मला वाटायचं की सगळी रूपं पानाच्या तळाशी एका ओळीत कोंबावीत. तसं करू नका, ते शब्द कोंबणं झालं. मी पत्त्यात नवं नाव ठेवलं आणि 'कसं यायचं' या पानावर एका सरळ वाक्यात लिहिलं की पूर्वी औरंगाबाद म्हणत ते शहर इथून साधारण तीस किलोमीटरवर आहे. स्पेलिंगचे फरक गूगल बहुतेक स्वतःच जुळवून घेतं.

पण खरी कमाई झाली ती सासूबाईंच्या वहीमुळं. घरचा फोन त्या उचलतात आणि कोण काय विचारतं ते वहीत लिहितात, कारण मी घरी आले की मला सांगायचं असतं. त्या वहीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा होता. "मंगळवारी यायलोत, लेणी चालू असते का?" आणि सासूबाईंचं उत्तर, "मंगळवारी बंद असते बाबा, पण येऊ नका असं नाही." वेरूळ मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी बंद. दोन्ही एकाच सहलीत करणाऱ्यांची हमखास गफलत होते, कारण मध्ये शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि दिवस चुकला की सहल बिघडली.

मी त्यावर पान लिहिलं. मंगळवारी वेरूळात आलात तर काय करता येईल. घृष्णेश्वराचं दर्शन, तिथं गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो हेही. अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं शिवालय तीर्थ, त्या लाल दगडी पायऱ्या खाली उतरत जातात आणि चारी बाजूंना छोटी छोटी देवळं आहेत. मालोजीराजे भोसल्यांच्या गढीची जागा. खुलताबादचा भद्रा मारुती. दुसऱ्या दिवशी लवकर लेण्यांत शिरायचं तर चौतीस लेण्यांपैकी कैलास, म्हणजे सोळा नंबर, आधी करा, कारण ऊन चढायच्या आत तेच निवांत पाहून होतं. कुठं वृद्धांना चालणं जमेल, कुठं नाही, तेही सासूबाईंना बरोबर घेऊन, पायऱ्या मोजून लिहिलं.

हे पान पहिले तीन महिने कुठंच नव्हतं. चौथ्या महिन्यात अडतिसाव्या जागेवर दिसलं. सातव्या महिन्यात पहिल्या पाचात आलं आणि तिथंच आहे. आणि लिंका या पानाला आल्या, मागितल्या नसताना. सायकलवाल्यांच्या एका गटानं आपल्या राइडच्या माहितीत दिली. नांदेडच्या एका शाळेनं सहलीच्या सूचनेत दिली. इतिहास शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी शिवालय तीर्थाचे आमचे फोटो वापरायची परवानगी मागितली आणि खाली लिंक टाकली. आठ महिन्यांत मोजून नऊ लिंका. त्या तीनशेंच्या समोर नऊ, पण या नऊंवरून माणसं प्रत्यक्ष येतात, फोन करतात.

एक प्रवासी लेखक दोन रात्री फुकट राहतो आणि बदल्यात लिंक देतो म्हणाला. मुलगा चांगला होता. त्याला म्हटलं, खुशाल राहा, पण लिंकच्या कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' अशी खूण लाव. फुकट मुक्काम हाही मोबदलाच, आणि अशा लिंकांसाठी ती खूण 2019 पासून आहे. त्यानं लावली. त्या लिंकचं रँकिंगला काही मिळालं नसेल, पण त्याचा लेख वाचून पुण्याची दोन कुटुंबं आली.

तांत्रिक बाजूचं थोडक्यात. फोटो मोबाइलवरून जसेच्या तसे चढवले होते, एकेक पाच-सहा एमबीचा. घाटात एसटीत बसून साइट उघडणाऱ्याला पांढरा पडदाच दिसायचा. वेबपी या हलक्या प्रकारात करून दोनशे केबीच्या आत आणले. मुख्य चित्र अडीच सेकंदांच्या आत दिसावं असा गूगलचा निकष आहे, आता ते बसतं. दुसरं, पानांचे पत्ते मराठीत ठेवले होते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले की त्यांची टक्का-ई-शून्य-टक्का-ए-चार अशी हातभर शेपटी व्हायची आणि लोक व्हायरस समजून उघडायचे नाहीत. छोटे इंग्रजी पत्ते केले, जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्यावर नेणारा 301 रिडायरेक्ट लावला. तो विसरलात तर आलेल्या लिंका हवेत जातील.

रिव्ह्यूसाठी चहाची सूट वगैरे देऊ नका, ते नियमात बसत नाही. आम्ही निघताना फक्त विचारतो. आलेल्या प्रत्येकाला उत्तर देते, तक्रारीलाही. एकांनी गरम पाणी उशिरा आलं असं लिहिलं, सोलर असल्यानं ढगाळ दिवशी होतं तसं. तेच उत्तरात लिहिलं आणि हीटर बसवला.

जे जमलं नाही तेही सांगते. नुसतं 'एलोरा हॉटेल' या शब्दांवर आम्ही पहिल्या पानावर नाही आणि बहुधा येणारही नाही. तिथं बुकिंगची मोठी पोर्टलं आहेत, सहा खोल्यांच्या घरानं त्यांच्याशी झुंजायचं कारण नाही. आणि हल्ली 'वेरूळ कधी बंद' एवढं विचारलं तर गूगल वरच्या वर एआयनं उत्तर देऊन टाकतं. त्या एका ओळीसाठीचे क्लिक कमी झालेत, दिसणं तेवढंच आहे. पण मंगळवारी आजीला घेऊन काय काय पाहता येईल, हे वाचायला लोक आत येतातच.

साइटवरून महिन्याला दोन मुक्काम यायचे, आता चौदा-पंधरा येतात. पैशात खर्च फक्त डोमेन आणि होस्टिंगचा. वेळेत धरला तर दिवसाला तासभर, आणि पहिले चार महिने फारसं काही हाती न लागता तो देत राहावा लागला. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांनी माणूस जरूर नेमावा, पण लिंका किती देणार हे विचारू नका. माझ्या पानांवर काय चुकलंय, हे त्याला विचारा. जो सर्च कन्सोल पाहायला मागेल त्याच्याशी पुढचं बोला.

आता वहीत नवा प्रश्न जमायला लागलाय. श्रावणी सोमवारी गाडी कुठं लावायची, आणि तिथून देऊळ किती पावलं. गेल्या सोमवारी सासूबाई आणि मी मोजायला गेलो होतो. दोन ठिकाणं मोजून झाली, तिसऱ्या ठिकाणी पाऊस आला म्हणून परतलो. ते या आठवड्यात करायचं आहे, म्हणजे श्रावणाच्या आधी पान इंडेक्स होईल, गूगलच्या यादीत येईल.