‘लोन अप्रूव्हलचा ओटीपी आहे, मॅडम’ : माझ्या कारकर्जात घुसवलेले ५८,४२० रुपये

मी ७ लाखांचे कर्ज मागितले होते आणि माझ्या नावावर ७,५८,४२० रुपये चढले. वरची रक्कम मी मागितली नव्हती आणि ती माझ्या हातातही आली नाही. कर्जदाराच्या आयुर्विम्याचा एकरकमी हप्ता ३४,६५०, वाढीव वॉरंटी १५,९९० आणि रस्त्यात गाडी बंद पडल्यास मदत देणारी कुठलीशी योजना ७,७८० अशा तीन नावांनी ती कर्जातच मिळवण्यात आली होती. ९.२५ टक्के दराने ८४ महिन्यांसाठी माझा हप्ता ११,३५१ रुपये व्हायला हवा होता, तो १२,२९९ आहे. दरमहा ९४८ रुपये जास्त, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत ७९,६३२ रुपये. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण मी वाशीच्या एका कंपनीत लेखा विभागात १९ वर्षे काम करते आणि दुसऱ्यांची बिले तपासणे हेच माझे काम आहे.

लहान गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा घोडबंदर रोडवरच्या त्या शोरूममध्ये बसायला खुर्ची मिळत नव्हती. सासूबाईंना गुडघ्यांमुळे रिक्षात चढणे अशक्य झाले होते, त्यामुळे दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, गाडी ऐरोलीत दारात हवी होती. ही निकड मी विक्रेत्याला पहिल्याच भेटीत सांगून बसले. तुमची घाई समोरच्याला कधीही कळू देऊ नका.

त्या मुलाने आपल्या व्हिजिटिंग कार्डच्या मागे निळ्या पेनाने ‘११,३५१’ लिहून दिले होते. ते कार्ड आजही माझ्याकडे आहे. गाडी घ्यायला गेलो त्या दिवशी हप्ता वळता करण्याच्या फॉर्मवर मला १२,२९९ दिसले. दिसले, हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ‘लक्षात आले नाही’ अशी सबब मला सांगता येणार नाही. मी विचारलेही. ‘मॅडम, रेट थोडा वर गेला, आज सिस्टीम स्लो आहे, नंतर अ‍ॅडजस्ट होईल,’ असे उत्तर मिळाले. बाहेर गाडीला हार घातलेला होता, सासूबाई कुंकवाची डबी हातात घेऊन बसल्या होत्या, आणि मी सही केली. सात लाखांचा हप्ता १२,२९९ व्हायला दर पावणेबारा टक्क्यांच्याही वर जावा लागतो, हा हिशेब ऑफिसमध्ये मी दोन मिनिटांत केला असता.

त्याआधी चार दिवसांपूर्वी त्याने तीन ओटीपी मागितले होते, प्रत्येक वेळी ‘लोन अप्रूव्हलचा आहे’ असे सांगून. चष्मा पर्समध्ये होता, मी फक्त सहा आकडे वाचून दाखवले. तिसऱ्या संदेशात त्या आकड्यांच्या आधी ‘विमा प्रस्तावास संमती’ असे स्पष्ट लिहिलेले होते, हे मी जानेवारीत वाचले. ओटीपी सांगण्याआधी तो संदेश पूर्ण वाचा, मागे कितीही रांग असो. मग विमा कंपनीचा पडताळणीचा फोन आला, तेव्हा ‘सगळ्याला हो म्हणा, नाहीतर फाइल अडकेल’ असे त्याने आधीच बजावले होते. माझे ते ‘हो’ आज माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून मला ऐकवले जाते.

सर्वांत संतापजनक गोष्ट विम्याच्या प्रस्ताव-अर्जात निघाली. मी गेली सहा वर्षे रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेते आणि अर्जात ‘कोणताही आजार नाही’ असे आहे. मला कोणी विचारलेच नव्हते. उद्या माझे काही बरेवाईट झाले तर हीच कंपनी माहिती लपवल्याचे कारण देऊन दावा नाकारू शकते. म्हणजे ३४,६५० रुपये घेऊन मला एक निरुपयोगी कागद विकला गेला, आणि तो कागदही माझ्यापर्यंत पोहोचला नाही, कारण अर्जातला ई-मेल पत्ता माझा नाही.

आयुर्विम्याची पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. हे मी लिहून कळवल्यावर कंपनी म्हणाली की पॉलिसी ऑक्टोबरमध्येच ‘पाठवली’ आहे. पत्ता कोणाचा, या प्रश्नाला उत्तर नाही. बँकेची शाखा म्हणाली, विमा कंपनीशी बोला. शोरूम म्हणाले, तो मुलगा नोकरी सोडून गेला. पोलीस ठाण्यात दीड तास बसवून ‘हा दिवाणी मामला आहे, तुम्ही शिकलेल्या आहात, सही कशी केली?’ असे विचारण्यात आले. मी काही अनोळखी माणसाला पैसे पाठवले नव्हते. बँकेच्या नावाचा फलक असलेल्या टेबलासमोर बसून मी सही केली होती. तक्रारीसाठी ज्या सरकारी यंत्रणेकडे गेले, तिने माझी तक्रार कंपनीकडे पाठवली, कंपनीने ‘ग्राहकाची संमती होती’ एवढे एक वाक्य लिहिले आणि ‘निवारण झाले’ असा शेरा मारून तक्रार बंद झाली. खोट्या ई-मेल पत्त्याचा पुरावा मी जोडला होता, तो कोणी उघडूनही पाहिला असेल असे मला वाटत नाही. निवारण कोणाचे झाले?

कर्जासाठी आयुर्विमा घेणे कायद्याने बंधनकारक नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा लागतोच, पण त्याचा या विम्याशी काहीही संबंध नाही, आणि विक्रेते नेमका हाच घोटाळा करतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकेने प्रत्येक किरकोळ कर्जदाराला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाची रक्कम, दर आणि सगळे खर्च एकत्र दाखवणारा तक्ता) देणे रिझर्व्ह बँकेने सक्तीचे केले आहे. सही करण्याआधी ते कागदावर मागा आणि त्यातली कर्जाची रक्कम मोठ्याने वाचा. बँकेकडे लेखी तक्रार करा, कारण ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि तोंडी तक्रारीला तिथे काही किंमत नाही.

वाढीव वॉरंटीचे १५,९९० रुपये तेवढे तीन पत्रांनंतर परत मिळाले. उरलेल्यासाठी मी जिल्हा ग्राहक आयोगात गेले आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. मागच्या आठवड्यात शोरूममधून फोन आला, तक्रार मागे घेतली तर दहा हजार देऊ. हे लेखी द्या, असे मी सांगितले. त्यानंतर फोन आलेला नाही, आणि ५ तारखेला खात्यातून १२,२९९ रुपयेच गेले.