हुमणीवरील मित्र सूत्रकृमींची पावडर: मळईत उत्तम, चोपणात वाया

उसाची मुळे खाणाऱ्या हुमणी या अळीसाठी ‘हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका’ या मित्र सूत्रकृमींची (किडींना मारणाऱ्या सूक्ष्म कृमींची) पावडर आता कृषी सेवा केंद्रांतून मिळते. मूळची कोइमतूरची ही जात १९९२ मध्ये नोंदवली गेली आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने तिची पावडर विकसित केली. गेल्या पावसाळ्यात अळ्या लहान असतानाच, सांगली जिल्ह्यातील आमच्या उसाला संध्याकाळी वाफशावर (माती ओलसर पण चिखल नसताना) तिची आळवणी केली, म्हणजे ती पाण्यात मिसळून मुळांशी ओतली. ऊन लागले की हे जीव मरतात, म्हणून वेळ चुकवून चालत नाही.

नदीकाठच्या मळईच्या (गाळाच्या, भुसभुशीत मातीच्या) पट्ट्यात आठवडाभराने पिवळी पडलेली बेटे उकरली, तेव्हा एरवी पांढरट, इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या अळ्या विटकरी लाल आणि लिबलिबीत झालेल्या दिसल्या, पण त्यांना कुजका वास नव्हता. सूत्रकृमी अळीच्या शरीरात शिरून जे जिवाणू सोडतात, त्यांच्यामुळे हा रंग येतो आणि अळी साधारण दोन दिवसांत मरते. ओढ्यालगतच्या काळ्या, चोपण (चिकट, पाण्याचा निचरा न होणाऱ्या) पट्ट्यात मात्र अळ्या जिवंत आणि गुबगुबीत होत्या.

दोष पावडरीचा नव्हे. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा हा जीव मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून सरकतो. त्यामुळे माती कोरडी पडली की तो जागीच अडकतो, आणि पाणी साचले की त्याला हवा मिळत नाही. भारी मातीतील पोकळ्याही इतक्या बारीक असतात की अळीपर्यंत पोहोचणे त्याला अवघड जाते. पाकिटावर मात्रा, मुदत आणि ‘ओलावा राखावा’ एवढेच छापलेले आहे, जमिनीच्या प्रकाराविषयी एक ओळही नाही. ही उणीव मला गंभीर वाटते.

विकत घेताना पाकीट दुकानात कुठे ठेवले होते तेही पाहावे; आमच्या दुकानदाराने ते चक्क उन्हात मांडले होते, म्हणून आतल्या कपाटातले मागून घेतले. चिमूटभर पावडर पाण्यात टाकून भिंगाखाली वळवळ दिसते का, हे वापरण्यापूर्वी तपासता येते. द्रावण सतत ढवळावे लागते, नाहीतर सूत्रकृमी तळाशी बसतात आणि शेवटच्या सरीला निव्वळ पाणीच पडते.

मळईसाठी यंदाही हीच पावडर घेणार आहे. काळ्या पट्ट्यात निचऱ्याचे चर काढल्याशिवाय हा खर्च करणार नाही.