जाम नट-बोल्ट: लांब दांडा, हवेची गन की बॅटरीवरची गन?

पंक्चरवाला चाक बसवतो, हवेच्या गनने सगळे नट टर्रर्र करून आवळतो आणि आपण पैसे देऊन निघतो. त्याने किती आवळलं हे कोणी विचारत नाही. सहा महिन्यांनी घाटात टायर बसतो, गाडीसोबत आलेला वीत-सव्वा वीत लांबीचा एल पाना आपण डिकीतून काढतो, आणि नट जागचा हलत नाही. बऱ्याच जणांचा इम्पॅक्ट रेंचचा, म्हणजे टोले मारत नट फिरवणाऱ्या गनचा, शोध इथूनच सुरू होतो. ऑनलाइन पाहिलं तर तीन-चार हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत गन दिसतात आणि प्रत्येकीवर भलेमोठे आकडे छापलेले असतात.

माझं मत आधीच सांगतो. फक्त चाकांचे नट सोडवायचे असतील तर गनची गरज नाही. दोन फुटी ब्रेकर बार (गोटी लावून नट फिरवायचा लांब दांडा) आणि बरोबर मापाची सहापैलू गोटी (नटावर बसणारं सॉकेट) एवढ्यावर काम होतं. ब्रेक, सस्पेन्शन, ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा) अशी कामं घरी करायची असतील तर बॅटरीवरची गन घेतल्याचा पश्चात्ताप होणार नाही. पण गनचा ब्रँड ठरवण्याआधी आपल्याला नेमका कुठला बोल्ट छळतोय, हे ठरवा.

चाकाच्या नटाचा हिशोब

चाकाचा नट मुळात फार घट्ट नसतो. मारुतीच्या जुन्या लहान मॉडेलांत कंपनी ८५ न्यूटन मीटर (पिळण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप) सांगते, अलीकडच्यांत १००. ह्युंदाईच्या नव्या मॉडेलांत १०७ ते १२७, तर पोलो-रॅपिडसारख्या फोक्सवॅगन-स्कोडा गाड्यांत १२०. (या गाड्यांत नट नसतो, १७ मिमीचा बोल्ट असतो. मारुतीला १९ मिमीची गोटी लागते.)

आता ताकद बघा. पाव मीटर लांबीच्या एल पान्याच्या टोकावर ७५ किलोचा माणूस पूर्ण वजनानिशी उभा राहिला, तर साधारण १८५ न्यूटन मीटर मिळतात. कंपनीच्या मापाने आवळलेला नट एवढ्याने सुटायलाच हवा. पण हवेच्या गनने दुप्पट-अडीचपट आवळलेला आणि वर पावसाळा खाल्लेला नट सुटत नाही. त्यातच पाना तिरका बसतो, निसटतो, आणि नटाचे कोपरे गोल होतात. एकदा नट गोल झाला की मामला हाताबाहेर जातो.

हाच माणूस ६० सेंटिमीटरच्या ब्रेकर बारवर निम्मं वजन टाकेल तरी २२० न्यूटन मीटर होतात, आणि पूर्ण टाकलं तर ४४०. वर उभं राहायची गरज नाही. गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी अंगाकडे ओढायचं. गोटी नटावर पूर्ण खोल बसलेली असते, त्यामुळे ती निसटत नाही. असा बार हजार-दीड हजारात मिळतो, डिकीत चटईखाली मावतो, त्याला चार्जिंग लागत नाही आणि दहा वर्षं पडून राहिला तरी तो तसाच असतो. रस्त्यातल्या पंक्चरसाठी याला तोड नाही. गन नेमकी त्याच दिवशी घरी राहते किंवा तिची बॅटरी उतरलेली असते.

बारमध्ये खोट दोन ठिकाणी आहे. एक, तो फिरवायला मोकळी जागा लागते. दुसरी म्हणजे, बोल्टासोबत मागचा भागही फिरत असेल तर बारचा उपयोग शून्य. म्हणून चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करायचे आणि मग जॅक लावायचा. जॅकवरच्या गाडीला दोन फुटी दांड्याने हिसके देऊ नका.

गन वेगळं काय करते

इम्पॅक्ट रेंचच्या आत स्प्रिंगवर बसलेला एक जड पोलादी हातोडा असतो. मोटर त्याला फिरवते. बोल्ट अडला की हातोडा उतरत्या खाचेवरून मागे सरकतो, सुटतो आणि फिरत येऊन समोरच्या ऐरणीवर आदळतो. हे मिनिटाला दोन-तीन हजार वेळा घडतं. बार संथ आणि सलग जोर लावतो, गन टोले मारते. गंजाने धरलेल्या आट्यांना टोला जास्त मानवतो, कारण गंजाचा थर लवचीक नसतो, हादऱ्याने तडकतो. शिवाय धक्का क्षणभराचा असल्याने आपल्या मनगटाला फारसा झटका बसत नाही, आणि बोल्टामागचा भाग जागचा फिरण्याआधी बोल्ट हललेला असतो.

कानाने हे ओळखता येतं. घट्ट बोल्टवर गन खणखणीत, कोरडा 'टक-टक-टक' वाजते आणि गोटी जागीच थरथरते. तीन-चार सेकंदांत आवाज किंचित जाड होतो, गोटी एकेक अंश सरकू लागते आणि मग एकदम टोले थांबून मोटरची नुसती घरघर उरते. म्हणजे सुटला. दहा सेकंद झाले तरी आवाज कोरडाच असेल तर ट्रिगर सोडा. मोटर तापवण्यापेक्षा पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात झिरपणारं तेल) मारून चहा घेऊन या. मग एकदा आवळायच्या दिशेने दोन टोले, पुन्हा सोडायच्या दिशेने, असं आलटून-पालटून करा. रत्नागिरी-मालवणकडच्या किंवा गोव्यातल्या खाऱ्या हवेतल्या गाड्यांना ही युक्ती पुण्या-नाशिकच्या गाड्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा लागते.

एक गैरसमज मात्र काढून टाका. नट निघाले पण अलॉय व्हील हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) चिकटून बसलंय, अशा वेळी गन काहीच करू शकत नाही. तिथे टायरच्या आतल्या बाजूने लाकडी ठोकळा धरून हातोडी मारावी लागते.

बोल्टागणिक निकाल

गन खऱ्या अर्थाने पैसे वसूल करते ती ड्राइव्ह शाफ्टच्या मोठ्या नटावर. लहान गाड्यांत तो साधारण ३० किंवा ३२ मिमीचा असतो, आणि बऱ्याच गाड्यांत त्याची कडा शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते. ती कडा आधी छिन्नीने उचलायची, हे विसरलात तर गनने आटे खराब होतील. बारने हा नट काढायचा तर चाक जमिनीवर हवं, मधली टोपी काढलेली हवी आणि आत ब्रेक दाबून धरायला कोणीतरी हवं. दमदार गन असेल तर गाडी स्टँडवर ठेवून एकट्याने काम होतं.

इंजिनाच्या क्रँक पुलीचा (पट्टा फिरवणाऱ्या चाकाचा) बोल्टही तसाच. बार लावला की अख्खं इंजिन फिरतं आणि पुली धरून ठेवायला वेगळं अवजार लागतं. गन ते एकटी करते. फक्त काही गाड्यांत हा बोल्ट एकदाच वापरायचा असतो, तेव्हा नवीन बोल्ट आधी आणून ठेवा.

ब्रेक कॅलिपरच्या (डिस्कला चिमटणाऱ्या भागाच्या) ब्रॅकेटचे बोल्ट आणि शॉकअबसॉर्बर जिथे नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) जोडतो ते बोल्ट या दोन्हींत जागेची अडचण असते. स्टिअरिंग पूर्ण वळवून आखूड गन आत घालता आली तर गन जिंकते. नाही तर रिंग पाना आणि त्यावर हातोडीचा एक नेमका घाव, हा जुना उपाय आजही चांगला आहे. नाशिकच्या टपारियासारख्या कंपनीचा चांगला रिंग पाना असा मार निमूट खातो. स्वस्त पाना उघडतो.

सायलेन्सरकडचे लहान बोल्ट ही वेगळीच जात आहे. ८ मिमी आट्यांचा साधा बोल्ट २५ न्यूटन मीटरला आवळायचा असतो. त्यावर ३०० न्यूटन मीटरची गन पूर्ण जोरात सोडली तर डोकं तुटून हातात येणारच. इथे ऑइल, धीर आणि गॅरेजवाल्याची गॅसची बत्ती लागते. गनचा सर्वांत हलका वेग वापरता येतो, पण माझा कल हाताकडेच आहे.

आणि जिथे गन अजिबात लावायची नाही त्या जागा: स्पार्क प्लग, इंजिन ऑइलचा ड्रेन प्लग, अॅल्युमिनियममध्ये बसणारा कुठलाही बोल्ट. सस्पेन्शनची स्प्रिंग दाबायच्या क्लॅम्पवरही गन चालवू नये. क्लॅम्पचे आटे तापून सुटले तर दाबलेली स्प्रिंग जिवावर बेतते.

हवेची गन, लायटरवरची गन

हवेची गन घरासाठी मी विचारातही घेणार नाही. गन स्वस्त असते, पण तिला साधारण ९० पीएसआय दाबाने भरपूर आणि सलग हवा लागते. टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप ते देऊ शकत नाही. कॉम्प्रेसर घ्या, तो ठेवायला जागा शोधा, नळी ओढा, आणि वर फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांची बोलणी खा. दिवसाला वीस गाड्या येणाऱ्या गॅरेजला ते परवडतं.

सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्या १२ व्होल्टच्या गनही मिळतात. त्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १५ अँपिअरचा, म्हणजे फार तर १८० वॅट. अशी गन आतलं चाक वेगात फिरवून काही सेकंदांनी एक 'धडाम' असा टोला मारते. चाकाचे नट सुटतात, रडतखडत. त्याच पैशात ब्रेकर बार आणि दोन गोट्या येतात, आणि मी तेच घेईन.

आवळताना

आवळायचं काम गनकडे देऊ नका. नट हाताने तीन-चार आटे चढवा, गाडी खाली घेऊन समोरासमोरचे नट आळीपाळीने घट्ट करा आणि शेवटी टॉर्क रेंचने (ठरवलेला जोर आला की कळवणाऱ्या पान्याने) कंपनीच्या मापाला आणा. दोन-तीन हजारांचा क्लिकवाला टॉर्क रेंच यासाठी पुरतो. पन्नास-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तपासा. गनने अंदाजपंचे आवळलं तर स्टड ताणले जातात, आणि एक नट जास्त व एक कमी असा प्रकार झाला की डिस्क किंचित वाकडी होऊन ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. तुमचं बजेट गन किंवा टॉर्क रेंच यांपैकी एकाचंच असेल, तर टॉर्क रेंच आणि बार घ्या.

गन घ्यायचीच असेल तर

डब्यावरच्या व्होल्टच्या आकड्याला भुलू नका. १८ व्होल्टच्या बॅटरीत पाच सेल ओळीने जोडलेले असतात. प्रत्येकी ३.६ धरले तर १८, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ च्या हिशोबाने २१. '२० व्होल्ट मॅक्स' म्हणून विकतात तीही हीच. स्वस्त गनवर '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ' असं लिहिलेलं असतं, पण उघडून पाहिल्यास बहुतेक वेळा आत तेच पाच सेल निघतात.

टॉर्कचे आकडे दोन असतात, आवळण्याचा आणि सोडवण्याचा. मकिताच्या डीटीडब्ल्यू ३०० ला ३३० आणि ५८०, बॉशच्या जीडीएस १८व्ही-४०० ला ४०० आणि ६००. हे प्रयोगशाळेतले आकडे आहेत. मध्ये लांब एक्स्टेन्शन घातलं की त्याच्या पिळण्यात टोल्याचा मोठा भाग जिरतो, ढिलं अडॅप्टर घातलं की आणखी. म्हणून गोटी थेट गनवर बसेल असं बघा. घरच्या कामाला आवळण्याचे ३०० ते ४०० न्यूटन मीटर, गोटी बसवायचा अर्धा इंची चौकोन आणि ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली) मोटर पुरे. हजार न्यूटन मीटरवाल्या गनचं वजन बॅटरीसह साडेतीन किलोच्या घरात जातं. गाडीखाली आडवं पडून ती हात वर करून धरून बघा, मग मोह आवरेल.

गोट्या काळ्या, इम्पॅक्टच्या, सहापैलूच घ्या. चकचकीत क्रोमच्या बारापैलू गोट्या टोल्याने तडकतात आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो, म्हणून चष्मा हवाच. अलॉय व्हीलला पातळ भिंतीची, प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली खोल गोटी लागते. नाही तर नटाभोवतीच्या खळग्यात ओरखडे पडतात. बंद पार्किंगमध्ये आवाज कानठळ्या बसवणारा असतो, म्हणून कानात बोळे घाला आणि रात्री दहानंतर सोसायटीत काम काढू नका.

नावाजलेल्या कंपनीची गन दोन बॅटऱ्या आणि चार्जरसह साधारण वीस हजारांच्या आसपास किंवा वर जाते. यातला मोठा खर्च बॅटरीचा असतो. घरात आधीच कुठल्या कंपनीचं १८ व्होल्टचं ड्रिल असेल, तर त्याच कंपनीची नुसती गन घ्या, खर्च बराच खाली येतो. मात्र ड्रिलसोबत आलेली दीड-दोन अँपिअर अवरची छोटी बॅटरी गनला पूर्ण करंट देऊ शकत नाही आणि गन मरगळलेली वाटते. ४ किंवा ५ अँपिअर अवरची एक बॅटरी वेगळी घ्या. ती उन्हाळ्यात डिकीत सोडू नका. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीतली उष्णता लिथियम सेलचं आयुष्य खाते. घरात, अर्धवट चार्ज करून, सावलीत ठेवा, आणि बार मात्र डिकीतच राहू द्या.