रोलमधलं जाळं, ‘तयार जाळं’ लिहिलेलं बिल आणि तुमच्या नावाची नोटीस

“कोडचं मी बघतो, तुम्ही फक्त आयईसी द्या.” (कोड म्हणजे ज्यावरून आयात शुल्काचा दर ठरतो तो मालाचा वर्गीकरण क्रमांक, आयईसी म्हणजे तुमचा आयात-निर्यातीचा क्रमांक.) निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडच्या जाळी विकणाऱ्या दुकानदाराला एजंट असं म्हणाला की तिथंच थांबावं. हिडकल, नवीलतीर्थ धरणांच्या पाण्यावर खपणारं जाळं बाहेरून स्वस्त पडतं हे पटवून तो वाचलेल्या शुल्कात वाटा मागतो. माल न्हावा शेवा बंदरातून दुकानात येतो, वाटा रोख जातो. फसलो हे कळायला वर्ष-दोन वर्षं लागतात.

सगळा खेळ ‘तयार’ या एका शब्दाचा. सीमाशुल्काच्या दरपत्रकात शीर्षक ५६०८ मध्ये सुतळी-दोराचं गाठी मारलेलं जाळं रोलमध्ये असलं तरी येतं. मासेमारीचं तयार जाळं गाठीचं असो वा बिनगाठीचं, तेही तिथंच, कृत्रिम धाग्याचं असेल तर ५६०८ ११ मध्ये. पण राशेल नावाच्या यंत्रावर विणलेलं बिनगाठीचं जाळं रोलमध्येच आलं, तर ते अध्याय ६० मधलं निटेड कापड ठरतं. तिथला दर चढा असला की एजंट रोललाच ‘तयार जाळं’ लिहितो. जाळ्याचे तुकडे (पाट्या) जोडून किंवा थेट आकारात बनवलेलं असेल तेच तयार. नुसते फुगे, शिसं बांधून रोल तयार होत नाही.

हातात घेऊन बघा. आसाच्या (जाळ्याच्या एका भोकाच्या) कोपऱ्यात वेगळी गाठ बोटाला लागते का? लागत नसेल तर आसाची एक बाजू भिंगाखाली धरा. साखळी टाक्यांची ओळ दिसली की राशेल. (पीळ घालून केलेलं बिनगाठीचंही असतं, त्याला हा निकष लावू नका.) धागाही तपासा: तुकडा नीट भिजवून पाण्याच्या पेल्यात दाबून सोडा, नायलॉन बुडतं, पॉलिथिलीन तरंगतं. बिलात ‘नायलॉन’ आणि तुकडा वर, म्हणजे वर्णन खोटं. पॅकिंग लिस्ट तर फुकटचा पुरावा आहे. तिथं रोल आणि रुंदी लिहिलं असेल तर कस्टमच्या अधिकाऱ्यालाही तेच दिसतं.

पैशाचं बघा. माल १० लाखांचा आणि मूळ शुल्क १० टक्क्यांनी कमी भरलं, तर तूट १ लाख. तिच्यावर १० टक्के समाज कल्याण अधिभार, म्हणजे १,१०,०००, आणि त्याच्यावरही आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). व्याज वर्षाला १५ टक्के. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम २८ खाली मागणीची मुदत एरवी दोन वर्षं, पण जाणूनबुजून चुकीची माहिती दिली असं ठरलं तर पाच, आणि कलम ११४अ खाली तुटीएवढाच दंड. नोटीस आयईसीवरच्या नावाला येते. एजंटाचा फोन तोवर बंद.

आयईसी उसना देऊच नका. तो तुमचा पॅनच आहे. बिल ऑफ एंट्रीची (कस्टमकडे भरलेल्या आयात-नोंदीची) पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली म्हणून विश्वास ठेवू नका. बिलाचा नंबर, तारीख आणि बंदर आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवर टाकून स्वतः बघा, शुल्काचं चलन जुळवा. कोडबद्दल शंका असेल तर माल मागवायच्या आधीच कलम २८एच खाली आगाऊ निर्णयासाठी (कोणता कोड लागेल ते आधीच ठरवून घेण्यासाठी) अर्ज करता येतो. वेळ नसेल तर निदान परवानाधारक कस्टम्स ब्रोकरकडून वर्गीकरणाचं कारण लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह मागा. ‘लिहून कशाला, सगळे असंच करतात’ असं उत्तर आलं तर ऑर्डर देऊ नका.