शिमानो सोरा: सातपूरच्या रोजच्या वाटेवर

पंचवटी ते सातपूर एमआयडीसी. रामवाडीच्या पुलावरून अशोकस्तंभ, मेहेर, सीबीएस, त्र्यंबक नाका आणि मग सरळ त्र्यंबक रोड. अंतर फार नाही, पण सिग्नल, खड्डे, सिंहस्थाच्या कामांसाठी उकरलेले रस्ते आणि पाठीवर डबा-छत्री-बूट असलेली सॅक. सायकलवरची शिमानोची जुनी आठ गिअरची क्लॅरिस काढून मी याच वाटेसाठी सोरा आर३००० हा ग्रुपसेट, म्हणजे गिअरचे सगळे भाग असलेला संच, बसवला. दोन पावसाळे निघालेत, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली. तेव्हापासून नाशिकमध्ये ग्रुपसेटची चर्चा निघाली की शिमानोच्याच वरच्या दर्जाच्या १०५च्या खाली कोणी उतरतच नाही. १०५ वाईट आहे असं कोण म्हणेल? पण माझी सायकल कंपनीच्या शेडबाहेर दिवसभर धूळ आणि पाऊस खात उभी असते. तिथे बारा गिअरची बारीक, महागडी चेन झिजवायची हौस मला नाही. सोरा नऊ गिअरचा. चेन आणि कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, परवडतात, साध्या दुकानातही मिळतात. माझा सगळा हिशेब एवढाच.

मागे ११ ते ३२ दात्यांची कॅसेट, पुढे क्रँकवर, म्हणजे पायडलच्या दांड्यांवर, ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, ३४-३२ला, माझ्या २८ मिलिमीटर रुंद टायरवर पायडलच्या एका फेरीत सायकल सव्वादोन मीटर सरकते. पुलावरून अशोकस्तंभाकडे भरल्या सॅकने चढताना गुडघे कुरकुरत नाहीत, आणि नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाटसुद्धा बसल्या बसल्या चढता येतो. दुसरं टोक मात्र शोभेचं. ५०-११ला मिनिटाला ऐंशी फेऱ्या मारल्या तर ताशी साडेसेहेचाळीस किलोमीटर! एबीबी सर्कलला या वेगाने मी काय करू? शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांना ४६-३०चा क्रँक जास्त कामाचा. शिमानोच्याच जीआरएक्स मालिकेत तो आहे, पण त्याची चेनलाइन, म्हणजे चेन धावते ती रेषा, अडीच मिलिमीटर बाहेर असते, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा पुढचा डिरेल्युअरही त्याच मालिकेतला घ्यावा लागतो. तो खर्च मी टाळला.

खरी तक्रार कॅसेटच्या मधल्या दात्यांबद्दल आहे. ११-१२-१४-१६-१८-२१-२४-२८-३२ अशी ती रचना. १८ वरून एकदम २१! पुढे ५० आणि ऐंशी फेऱ्यांची लय धरली तर १८वर ताशी साडेअठ्ठावीसचा वेग मिळतो, २१वर साडेचोवीसचा. संध्याकाळी समोरून वारा असला की मला नेमका सव्वीस हवा असतो आणि तो कुठेच सापडत नाही. एकात पाय जड, दुसऱ्यात उगाच गरगर. घाट कधीच चढणार नसाल तर ११-२५ घ्या, मधली अंतरं कमी होतील.

हँडलवरचे गिअर बदलायचे शिफ्टर चांगले आहेत. आवाज ठाम येतो, हात ओले असले तरी गिअर चुकत नाही, गिअरच्या केबली हँडलला गुंडाळलेल्या बारटेपखालून जातात. पुढे ५० वरून ३४ वर उतरताना मात्र सोळा दात्यांची उडी आहे, सिग्नलला घाईत केलीत तर चेन आत पडू शकते. मी आधी मागे दोन गिअर जड करते, मग पुढचं उतरवते.

आता चेन. कंपनीत माझं काम तपासणीचं, त्यामुळे हा विषय निघाला की मी थांबत नाही. बारा इंची स्टीलपट्टी घ्या. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा, चोवीस कड्या मोजा. नव्या चेनमध्ये तिथल्या पिनेचा मध्य बरोबर बारा इंचांवर येतो. अर्धं सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेला की नवी चेन मागवून ठेवायची, पाऊण सूत गेला की बदलायचीच. पाऊण सूत म्हणजे चेन झिजून साधारण पाऊण टक्का लांबली. त्यापलीकडे तीच चेन चालवली तर ती कॅसेटचे दाते स्वतःच्या मापाने कोरून घेते, आणि मग नवी चेन त्यावर घसरते. आमचा मेकॅनिक म्हणाला, "ताई, अजून सहज चालेल ही." मी पट्टी लावून दाखवली. तो हसला, म्हणाला, "तुमच्यापुढे काय बोलणार!"

मी दोन चेन आलटून पालटून वापरते. केएमसी कंपनीच्या नऊ गिअरच्या चेनला हाताने उघडणारी कडी येते, ती पुन्हा लावता येते. काढलेली चेन डिझेलमध्ये बुडवायची, कॉटन वेस्टने पुसायची, वाळली की प्रत्येक रोलरवर तेलाचा एकेक थेंब. पावसाळ्यात घट्ट तेल, उन्हाळ्यात मेणाचं, नाहीतर त्र्यंबक रोडची धूळ चिकटून पॉलिश पेपर तयार होतो.

सुटे भाग घेताना दोन गोष्टी बघा. सोराचे शिफ्टर शिमानोच्या जुन्या नऊ गिअरच्या एमटीबी (माउंटन बाइक) डिरेल्युअरशी जुळतात, केबल तेवढीच ओढली जाते. सोराच्या वरची टियाग्रा ४७०० मात्र वेगळ्या मापाची, तिचा डिरेल्युअर स्वस्त मिळाला म्हणून उचलू नका. आणि मागच्या चाकाची बॉडी, म्हणजे कॅसेट बसते तो भाग, अकरा गिअरची असेल तर नऊच्या कॅसेटमागे १.८५ मिलिमीटरचं स्पेसर, म्हणजे कडं, लागतं. दुकानदार विसरला तर कॅसेट हलत राहील.

शिमानो आता क्लॅरिस, सोरा, टियाग्रा यांच्या जागी क्यूज ही नवी मालिका आणते आहे. तिची लिंकग्लाइड कॅसेट तिप्पट टिकते असा कंपनीचा दावा आहे, पण क्यूजचे शिफ्टर-डिरेल्युअर सोराशी जुळत नाहीत. नवी सायकल घेत असाल तर क्यूज बघाच. ज्यांच्याकडे आधीच आठ-नऊ गिअरची सायकल आहे त्यांनी सोरा मिळतोय तोवर घ्यावा, आणि सोबत एक जादा कॅसेट. मी ११-३०ची मागवली आहे, बघू तो सव्वीसचा वेग तिच्यात सापडतो का.