पॅरामेडिक पदवी: भारतात घ्यावी की ब्रिटनमध्ये?

बारावी विज्ञानानंतर आपत्कालीन वैद्यकीय सेवेत पॅरामेडिक, म्हणजे रुग्णवाहिकेत रुग्णावर उपचार करणारा प्रशिक्षित कर्मचारी, होण्याचे ठरवलेल्या विद्यार्थ्यापुढे आज मुख्यतः दोन पदव्या येतात: भारतातील आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञानाची बी.एस्सी. आणि ब्रिटनमधील पॅरामेडिक सायन्सची बी.एस्सी. ऑनर्स. दोन्हींचे विषय बरेचसे सारखे आहेत. हृदयविकाराचा झटका, अपघातातील जखमा, श्वसनमार्ग मोकळा ठेवणे, अडलेली प्रसूती, अत्यवस्थ बालक हे सारे दोन्हीकडे शिकवले जाते. म्हणून केवळ माहितीपत्रके पाहून निवड केली, तर ती चुकण्याचा संभव मोठा आहे. पदवीनंतर कायद्याने काय करता येते आणि रुग्णवाहिकेत आपल्यासाठी जागा आहे की नाही, या दोन प्रश्नांवर हा निर्णय घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्रिटनमध्ये पॅरामेडिक ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल (एचसीपीसी) या नियामक संस्थेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय ती कोणालाही लावता येत नाही, आणि सप्टेंबर २०२१ पासून या नोंदणीसाठीच्या शिक्षणाची किमान पातळी ऑनर्स पदवी अशी ठरली आहे. नोंदणीनंतरचे अधिकार मोठे आहेत. रुग्णाला तपासून घरीच उपचार करणे, त्याला रुग्णालयात हलवण्याची गरज नाही असे स्वतःच्या जबाबदारीवर ठरवणे, मॉर्फिनसारखे औषध प्रत्येक वेळी डॉक्टरांना न विचारता देणे हे पॅरामेडिकच्या रोजच्या कामात येते. २०१८ पासून तर पुढील शिक्षण घेतलेल्या पॅरामेडिकना औषधे लिहून देण्याचाही मार्ग खुला झाला.

भारतात २०२१ च्या नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याने आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाला मान्यताप्राप्त व्यवसायांच्या यादीत स्थान दिले. ही महत्त्वाची सुरुवात असली, तरी नोंदणी आणि अधिकार यांची घडी अजून पुरती बसलेली नाही. अनेक राज्यांत १०८ या सरकारी रुग्णवाहिका सेवेतील तंत्रज्ञ गुंतागुंतीच्या प्रसंगी नियंत्रण कक्षातील डॉक्टरांच्या दूरध्वनीवरील सूचनेनुसार काम करतो. निर्णयाची जबाबदारी पेलण्याची हौस असलेल्या विद्यार्थ्याला ही मर्यादा जाणवल्याशिवाय राहणार नाही.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आपल्या राज्यात २०१४ मध्ये १०८ सेवा सुरू झाली, तेव्हा तिच्या ९३७ रुग्णवाहिकांची (२३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक) रचनाच अशी होती की रुग्णाजवळ डॉक्टर, बहुधा आयुर्वेद किंवा तत्सम शाखेचा पदवीधर, आणि पुढे पायलट, म्हणजे चालक. रुग्णाच्या दृष्टीने डॉक्टर सोबत असणे चांगलेच आहे. परंतु पॅरामेडिक पदवीधराची स्वाभाविक जागा त्यामुळे आधीच भरलेली असते. गोवा, गुजरात, तामिळनाडू येथे तंत्रज्ञच रुग्णाजवळ असतो, मात्र तिथेही सेवा चालवणाऱ्या संस्था इतर विज्ञान पदवीधरांना घेऊन, काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्याच कामावर नेमतात. तीन वर्षे अभ्यास आणि त्यानंतर आंतरवासिता पूर्ण केलेल्या मुलाला किंवा मुलीला या स्पर्धेत पदवीचे वेगळे मोल मिळेलच असे नाही, आणि हे मला अन्यायाचे वाटते. भारतीय पदवीला बरी मागणी आहे ती मोठ्या खासगी रुग्णालयांचे आपत्कालीन विभाग, तेलशुद्धीकरण कारखाने, समुद्रातील तेलविहिरी, हवाई रुग्णवाहिका आणि आखाती देश येथे.

खर्चाच्या बाबतीत मात्र पारडे उलट फिरते. इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी स्थानिक विद्यार्थ्यांच्या शुल्काची कमाल मर्यादा वर्षाला ९,५३५ पौंड आहे आणि त्यांना एनएचएसकडून (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) वर्षाला किमान ५,००० पौंडांचे परत न करायचे साहाय्य मिळते. भारतातून गेलेल्या विद्यार्थ्याला ना ती मर्यादा लागू होते ना ते साहाय्य मिळते. त्यातच प्रत्यक्ष प्रशिक्षणाच्या जागा रुग्णवाहिका सेवांशी बांधलेल्या असल्याने काही विद्यापीठे या अभ्यासक्रमाला परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत. रुग्णवाहिका चालवण्यासाठी बहुतेक ठिकाणी सी-१ वर्गाचा, म्हणजे मोटारीपेक्षा जड वाहनांचा, ब्रिटिश परवाना लागतो. भारतीय परवान्यावर ते भागत नाही. नोकरीचा आरंभ एनएचएसच्या पाचव्या वेतनश्रेणीत (२०२५-२६ मध्ये इंग्लंडमध्ये ३१,०४९ पौंडांपासून) होतो आणि सुमारे दोन वर्षांनी सहावी श्रेणी मिळते, पण अलीकडे नव्या पदवीधरांना रुग्णवाहिका सेवेत लगेच जागा मिळतेच असे नाही. कर्ज काढून जाणाऱ्याने हा धोका हिशेबात धरलाच पाहिजे.

ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांसाठी गणित वेगळे आहे. त्यांनी पूर्णवेळ पदवीबरोबरच पदवी-अप्रेंटिसशिपचाही विचार करावा. तीत रुग्णवाहिका सेवा पगार देऊन कामावर ठेवते, शुल्क विद्यार्थ्याला भरावे लागत नाही आणि शेवटी नोंदणीची पात्रता तीच मिळते. जागा थोड्या असतात आणि कामाच्या पाळ्या सांभाळून अभ्यास करणे थकवणारे असते, तरी ज्याला कामाची खात्री हवी आहे त्याला मी हाच मार्ग सुचवीन.

आधी भारतात पदवी घेऊन मग ब्रिटनमध्ये नोंदणी करू, असा बेत अनेकजण आखतात. एचसीपीसी अशा अर्जात शिक्षण आणि अनुभव स्वतःच्या मानकांशी ताडून पाहते, आणि इंग्रजीसाठी आयईएलटीएस या भाषा-परीक्षेत एकूण ७ गुण, कोणत्याही भागात ६.५ पेक्षा कमी नाही, अशी अट आहे. भाषेची अट अभ्यासाने पार होते; स्वतंत्रपणे निर्णय घेतल्याचा अनुभव दाखवणे अधिक कठीण जाते. परदेशी जाणे हेच मुख्य उद्दिष्ट असेल, तर बी.एस्सी. नर्सिंगची वाट अधिक रुळलेली आहे, हे आईवडिलांनी मोकळेपणाने विचारात घ्यावे.

भारतातच शिकायचे ठरले, तर प्रवेशापूर्वी महाविद्यालयाला लेखी विचारावे की विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्णवाहिकेवर किती तास आणि कोणाच्या देखरेखीखाली काम करतात, आपत्कालीन विभाग स्वतःच्या रुग्णालयाचा आहे की दुसऱ्याचा, आणि पदवी कोणते विद्यापीठ देते. ‘पॅरामेडिकल’ या नावाखाली प्रयोगशाळा किंवा क्ष-किरण तंत्रज्ञाचा अभ्यासक्रमही विकला जातो, म्हणून पदवी प्रमाणपत्रावर नेमके कोणते नाव छापले जाईल, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे.